डाव्या खिशातली डबी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. मुठीत मावेन एवढीच. अंगावरची चकाकी कधीच उडाली, एका कडेला पोचा आलाय, पण फिरकीचं झाकण अजून घट्ट बसतं. झाकण घट्ट बसणं हा डबीचा गुण. माणसाचं तोंड नको तिथे घट्ट बसलं तर काय होतं, ते आज मला सांगायचंय.

आधीच बजावून ठेवते, माझी जीभ तिखट आहे. गोड बोलायला मी काही मिठाईचा डबा नाही. शाळेतल्या मुलांनी ऐकलं तरी चालेल, पण खरी गोष्ट आहे ती त्यांच्या बापांसाठी. ज्यांच्या कानशिलांवर पांढरं आलंय आणि तरी आरशासमोर पोट आत ओढून उभं राहायची हौस गेलेली नाही, त्यांनी जरा पुढे येऊन बसा. मागे बसून दात काढायचे नाहीत.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये, लेथवर झाला. पितळेच्या सळईचा तुकडा होते मी. कारागिराने मला आतून कोरलं, कडेला आटे पाडले, झाकण फिरवून बघितलं आणि फुंकर मारून बाजूला ठेवलं. पुढे मला विकत घेतलं एका घड्याळजीने. त्यांना सगळे बाबा म्हणत, मीही बाबाच म्हणते. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, एवढीशी जागा. भिंतभर घड्याळं, काउंटरवर हिरवं कापड, आणि त्या कापडावर मी. माझ्या पोटात मनगटी घड्याळांचे स्क्रू असत. नखाच्या टोकावर चार मावतील इतके बारीक.

बाबांची एकुलती एक लेक शाळेतून आली की स्टुलावर चढून बसायची. मला उघडायचा मान तिचा. "हात पुसलेस? आता श्वास रोख आणि मग उघड," बाबा म्हणायचे, "श्वासानेसुद्धा स्क्रू उडतात." ती गाल फुगवून, डोळे मोठे करून माझं झाकण फिरवायची. तेवढ्या प्रेमाने मला पुन्हा कुणी उघडलं नाही.

बाबांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक बंद घड्याळ घेऊन आलं की पहिला प्रश्न, "पाण्यात पडलं होतं का? खरं सांगा, मी रागावणार नाही. उघडल्यावर मला कळतंच." माणसं आधी नाही नाही म्हणायची. मग बाबा नुसते बघत बसायचे. मग माणसं म्हणायची, "हो, म्हणजे, बादलीत पडलं होतं जरासं."

पुढे बाबांच्याच छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. तेव्हा स्क्रू काचेच्या बाटलीत गेले, माझ्या तळाशी कापूस आला आणि कापसावर गोळ्या. मी बाबांच्या शर्टाच्या डाव्या खिशात राहायला गेले. आणि बाबा काय करायचे सांगू? दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. "हृदयाचा पेशंट आहे हं मी. कोसळलो तर घाबरू नका, डाव्या खिशात डबी आहे, एक गोळी जिभेखाली सरकवा." पेपरवाल्याला माहीत, समोरच्या शिंप्याला माहीत, पट्टा बदलायला आलेल्या परक्या बाईलाही माहीत. लाज कसली त्यात? त्या एका सवयीवर बाबा चांगले म्हातारे झाले आणि आपल्या अंथरुणात झोपेतच गेले. दुकान लेकीने चालवायला घेतलं आणि मी तिच्या ड्रॉवरमध्ये गेले. चांगली विश्रांती चालली होती माझी. पण माझ्या नशिबात जावई होता.

लेकीचा नवरा, आमचे साहेब, लिफ्टतपासनीस. उंच उंच इमारतींच्या लिफ्टा तपासायच्या, दोर बघायचे, ब्रेक बघायचे आणि लिफ्ट सुरक्षित आहे म्हणून सही ठोकायची. कामात माणूस चोख, ते नाकारणार नाही मी. मिस्त्री थापा मारायला लागला की साहेबांचा आवाज चढायचा, "दोर कधी बदलला ते खरं सांग! माझ्यापासून लपवलंस तर मरेल तो आत उभा असलेला माणूस!" हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

एक दिवस लिफ्टच्या माथ्यावरच्या खोलीत साहेबांच्या छातीत कळ आली. दवाखाना झाला, हृदयाच्या तुंबलेल्या नळीत स्टेंट टाकला, घरी पाठवायची वेळ आली. हृदयाच्या डॉक्टर बाईंनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. रोज संध्याकाळी चाला. रोजच्या गोळ्या चुकवू नका. छातीत दुखलं तर ही जिभेखाली. आणि मग बोट वर करून म्हणाल्या, "एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. पुरुष लोक जोमासाठी घेतात ना, ती गोळी तुम्ही घ्यायची नाही. ती आणि ही जिभेखालची एकत्र आल्या तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस हाती लागत नाही. घ्यावीशी वाटली तर आधी मला विचारा, लाजू नका."

साहेब खो खो हसले. "अहो डॉक्टर, आता या वयात कसलं काय!"

लेकही लाजून हसली. घरी आल्यावर तिने मला ड्रॉवरमधून काढलं, घासलं, नवा कापूस घातला आणि साहेबांच्या हातात ठेवलं. "हिने बाबांना इतकी वर्षं सांभाळलं. तुम्हालाही सांभाळेल." साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी मला दोन्ही हातांत धरून कपाळाला लावलं. मला वाटलं, चला, बरा माणूस आहे. कसलं काय!

साहेब पहिले काही आठवडे खरंच चालले. घरापासून जवळच एक बाग आहे, तिला गोल फरशीचा रस्ता आहे. लेकीने त्यांना चालायचे खास बूट आणून दिले, पांढरे, निळ्या रेघेचे. गल्लीत कौतुक झालं. शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवू लागल्या, "बघा, ते बघा कसे नेमाने जातात! नाहीतर तुम्ही, सोफ्यातून उठायला क्रेन लागते." साहेब मान तिरकी करून हसायचे. आणि मग त्यांच्या चष्म्याची दांडी सैल झाली.

बागेच्या मागच्या रस्त्याला चष्म्याचं दुकान आहे. तिथे काम करणाऱ्या बाई एकट्या राहणाऱ्या, हसतमुख, आपल्या कामात तरबेज. त्यांनी चष्मा गरम करून वाकवला, साहेबांच्या नाकावर चढवला आणि दोन्ही कानांमागे बोट फिरवून नीट बसवला. त्यांच्या कामाची ती रीत. दिवसात वीस जणांच्या कानांमागे त्यांची बोटं फिरत असतील. पण आमच्या साहेबांना वाटलं, आपल्यातच काहीतरी आहे. मी खिशात होते, मित्रांनो. मला ऐकू आलं ना ते हृदय कसं उड्या मारायला लागलं ते! एवढा खर्च करून दुरुस्त केलेलं हृदय, आणि उड्या कशासाठी, तर कानामागच्या बोटासाठी.

मग चष्मा रोजच सैल व्हायला लागला. पुढे दुकानातून बाईंच्या घरापर्यंत मजल गेली. त्यांचं घर मागच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. आणि गंमत बघा, त्या इमारतीला लिफ्ट नाही! ज्या माणसाने उभा जन्म लिफ्टमध्ये काढला, तो एका स्टेंटवर तीन मजले धापा टाकत चढायचा. दारात मात्र थांबून श्वास आवरायचा, केसांवरून हात फिरवायचा आणि मग बेल वाजवायची. तरुण दिसायला नको का!

आता या माणसाने किती थापा मारल्या ते ऐका. बाईंना सांगितलं, बायको केव्हाच वेगळी झाली, मी एकटाच असतो. वय सांगितलं ते ऐकून तर मी खिशात उलटीच झाले. आणि हृदयाचं? अवाक्षर नाही. एकदा बाईंनी खिशाला हात लावून विचारलं, "या डबीत काय असतं हो?"

"पेपरमिंट."

"मग द्या की एक."

"संपल्या," साहेब म्हणाले. आणि माझ्या पोटात बाबांच्या वेळी असायच्या तसल्याच गोळ्या, जीव वाचवणाऱ्या! ज्या डबीचा पत्ता बाबांनी अख्ख्या बाजाराला सांगितला होता, त्या डबीला या गृहस्थाने पेपरमिंटची करून टाकलं. माझा एवढा अपमान भंगारवाल्यानेही केला नसता.

थोड्याच दिवसांत अपमानावर आणखी अपमान झाला. साहेब गावाच्या दुसऱ्या टोकाच्या औषधांच्या दुकानात गेले, जिथे त्यांना कुणी ओळखत नाही. ती गोळी मागताना यांची जीभ अशी अडखळली की दुकानदाराने दोनदा "काय?" विचारलं. नंतर गाडीत बसून त्यांनी ते पाकीट कात्रीने बारीक कापलं आणि माझ्या कापसाखाली दडवलं. वर जिभेखालच्या गोळ्या, खाली ती. डॉक्टर बाईंनी ज्या दोघींना एकत्र आणू नका म्हणून बोट वर केलं होतं, त्या दोघी माझ्या एका पोटात, मध्ये बोटभर कापूस. लिफ्टमध्ये असा प्रकार दिसला असता तर साहेबांनी मिस्त्रीची सात पिढ्यांची आठवण काढली असती.

घरी लेक बिचारी खूश. संध्याकाळी फोन करायची, "कुठवर आलात?" साहेब तिकडे पलंगाच्या कडेला बसून म्हणायचे, "तिसरी फेरी चाललीय गं." आवाजात धाप असायचीच, जिना चढल्याची आणि भीतीची. ती धाप ऐकून लेक काळजीने म्हणायची, "अहो, धाप लागेपर्यंत नका हो चालू! जरा बसा बाकावर." हे ऐकूनही या माणसाच्या घशात काही अडकायचं नाही. मी मात्र त्याच्या छातीला टेकून असायचे. फोन वाजला की ते हृदय कसं सटपटायचं, दाराबाहेर पावलं वाजली की कसं थांबल्यासारखं व्हायचं, घड्याळ बघितलं की कसं धावायचं, हे सगळं माझ्या पितळेला कळायचं. लिफ्टच्या दोराला एवढे हिसके बसले असते तर या माणसाने लिफ्ट बंद करून टाळं लावलं असतं. स्वतःच्या छातीला टाळं कोण लावणार?

आणि बुटांचं सांगायचं राहिलंच. वर्ष होत आलं तरी बूट नव्यासारखे. लेकीला एवढं आश्चर्य वाटलं की ती बुटांच्या दुकानात जाऊन मालकाला सांगून आली, "काय टिकाऊ बूट आहेत हो तुमचे! रोज चालतात, पण झिजायचं नाव नाही." आणि मोठ्या भाऊजींसाठी, म्हणजे साहेबांच्या थोरल्या भावासाठी, तसलाच दुसरा जोड घेऊन आली. मोठे भाऊजी खरोखर चालणारे. त्यांचे बूट सहा महिन्यांत फाटले. लेकीला वाटलं, त्यांचीच चाल खराब.

मग ती संध्याकाळ आली. साहेब बाईंकडे होते. गोळी घेऊन झाली होती, ती माझ्याच कापसाखालची. तेवढ्यात फोन वाजला. लेक म्हणाली, "आज दुकान लवकर बंद केलं. मी पण येते बागेत. म्हटलं, एक दिवस तरी तुमच्याबरोबर फेरी मारावी. निघालेच, दहा मिनिटांत पोचते."

"अगं, कशाला..." एवढंच साहेबांच्या तोंडून निघालं. तिकडून फोन बंद.

मित्रांनो, शर्टाची बटणं खाली-वर लागली. पँट घालताना एका पायावर उड्या मारल्या. आणि बुटांची नाडी बांधायला वाकले तेव्हा छातीत मूठ आवळल्यासारखी कळ आली. मी ओळखली. बाबांच्या छातीतली होती तीच. साहेबांना दरदरून घाम फुटला.

चष्मेवाल्या बाई घाबरल्या. "अहो, काय होतंय? मी अँब्युलन्स बोलावते."

"नको! मला बागेत ने. बाकावर."

"बागेत? वेड लागलं का? झोपा इथेच."

"माझी बायको येतेय बागेत!"

बाईंचा हात फोनवरच थांबला. "बायको? ती वेगळी झालीय म्हणाला होतात ना?"

"नंतर सांगतो. छातीत... माझं ऑपरेशन झालंय. स्टेंट आहे."

एका मिनिटात दोन थापा उघड्या पडल्या. बाईंनी झटक्यात माझ्यावर हात टाकला. त्या हुशार, त्यांच्या लक्षात आलं. "मग ही पेपरमिंट नाही तर! यातली गोळी घ्यायची असते ना? माझे काका घ्यायचे."

"नको! त्यातली नको!" साहेबांनी मला हिसकावून परत खिशात कोंबलं. म्हणजे आठवण होती बरं का! डॉक्टर बाईंचं बोट, ते वाक्य, सगळं लख्ख आठवत होतं.

आणि मग हा मनुष्य, ज्याला त्या क्षणी एक पाऊल टाकायची मुभा नव्हती, तीन मजले उतरला. एक हात कठड्यावर, एक बाईंच्या खांद्यावर. का? तर आपण फरशीच्या रस्त्यावर कोसळलेले दिसावं, पलंगावर नाही. जीव गेला तरी चालेल, पण तो चालता चालता गेला असं लोकांनी म्हणावं! मी पुष्कळ मूर्ख पाहिले, पण इतका नीटनेटका मूर्ख नाही पाहिला. बागेच्या मागच्या दाराजवळच्या बाकावर टेकल्यावर पहिलं वाक्य काय बोलावं त्याने? "तू जा आता."

बाई गेल्या नाहीत. दोन पावलं मागे सरून त्यांनी अँब्युलन्सला फोन लावला. मग परत आल्या, आणि साहेबांचा घामाने घसरलेला चष्मा सवयीने नाकावर चढवून दोन्ही कानांमागे बोट फिरवून नीट बसवला. त्याच वेळी समोरच्या दारातून लेक आली. तिने ते पाहिलं. धावत आली.

"अहो! अहो, काय झालं?"

"चालता चालता... दुखायला लागलं."

लेकीने खिशातून मला ओढून काढलं. झाकण एका फिरकीत उघडलं. लहानपणीचा सराव. जिभेखालची गोळी तिच्या बोटांत आणि बोटं त्याच्या ओठांशी. "तोंड उघडा. जीभ वर करा."

साहेबांनी दात आवळले.

"अहो, उघडा ना! गोळी आहे!"

त्यांनी मान फिरवली, ओठ आत ओढून घेतले, जसं लहान मूल कडू औषधाला करतं. ती घेतली तर आपण संपतो हे त्यांना माहीत. का घेत नाही हे सांगितलं तर संसार संपतो, हेही माहीत. एक शब्द बोलायचा होता हो. नुसतं "मी ती दुसरी घेतलीय" एवढंच. नाही बोलला. लेकीला वाटलं, कळेने दातखीळ बसली. गोळी तिच्या हातातून गवतात पडली. अँब्युलन्स आली तेव्हा ती चष्मेवाल्या बाईंकडे वळून म्हणाली, "ताई, तुमचे फार उपकार झाले. तुम्ही होतात म्हणून."

दवाखान्यात साहेबांच्या छातीला वायरी लावल्या. डोक्याशी पडदा, त्यावर हृदयाची रेघ. इतके महिने जे एकटीने मी ऐकलं होतं, ते आता सगळ्या खोलीला दिसत होतं. डॉक्टर बाई धावत आल्या. कळ अजून होतीच.

"नळ्या सैल करणारं औषध सलाइनमधून सुरू करूया," त्या म्हणाल्या. "पण आधी उत्तर द्या. मी बजावलेली ती दुसरी गोळी घेतलीय का? आज किंवा काल?"

साहेबांनी लेकीकडे बघितलं. ती एका हाताने त्यांचे पाय चोळत होती.

"छे! काहीतरीच काय डॉक्टर."

"नक्की? कारण घेतली असेल तर हे औषध जिवावर बेतेल."

"नक्की."

पडद्यावरची रेघ सैरावैरा धावायला लागली. ती खोटं बोलल्याची धाव होती, पण डॉक्टर बाईंना वाटलं दुखणं वाढलं. त्यांनी सिस्टरला खूण केली. मित्रांनो, जिथे थापेने माणूस मरतो तिथे थाप मारू नका, असं मिस्त्र्यांच्या अंगावर ओरडणारा तपासनीस तो हाच. आता लिफ्टच्या आत उभा असलेला माणूस तो स्वतःच होता, आणि तरीही सही ठोकत होता, सुरक्षित म्हणून. मला हातपाय असते तर मी उडी मारून त्याच्या कपाळावर आपटले असते. पण डबी काय करणार? मी लेकीच्या मुठीत होते.

तेवढ्यात दुसऱ्या सिस्टरने लेकीच्या हातात पिशवी दिली. "पेशंटचे बूट." पिशवी ठेवायला लेक वाकली आणि एक बूट घरंगळून उलटा पडला. तळव्याची नक्षी जशीच्या तशी. कडा टोकदार. मधोमध कंपनीचा गोल स्टिकर अजून चिकटलेला.

लेक त्या तळव्याकडे बघत राहिली. बाबा घड्याळाचं मागचं झाकण काढून बघायचे, अगदी तशी. मग सावकाश उठली.

"थांबा सिस्टर. औषध लावू नका." ती नवऱ्याच्या उशाशी आली. "मघाशी तोंड का मिटलंत?"

"कळ आली होती."

"कळ आली की माणूस गोळीसाठी तोंड उघडतो. बाबा उघडायचे." तिचा आवाज एकदम हळू झाला. "त्या ताईंनी तुमचा चष्मा नीट केला. अनोळखी माणसाचा असा कुणी करत नाही. खरं सांगा. मी रागावणार नाही. उघडल्यावर कळतंच."

साहेब पडद्याकडे बघत राहिले, जणू पडद्यानेच उत्तर द्यावं. तेव्हा तिने मलाच उघडलं. गोळ्या काढल्या. कापूस उचलला. खालून कापलेलं पाकीट निघालं, एक घर रिकामं. तिने ते डॉक्टर बाईंच्या तळहातावर ठेवलं.

"सिस्टर, बाटली काढा," डॉक्टर बाई म्हणाल्या. मग साहेबांकडे अशा नजरेने पाहिलं की मी पितळेची असूनही मला थंडी वाजली. "आता दुसरा मार्ग धरावा लागेल. नशीब समजा, बायको घड्याळजीची मुलगी आहे."

साहेब वाचले. वाचणारच. असले लोक वाचतात, कारण त्यांच्या बायका डोळस असतात.

नंतर बाहेरच्या गॅलरीत लेकीने डॉक्टर बाईंना एकच प्रश्न विचारला. "मी चालायला लावलं, म्हणून तर नाही ना झालं हे?"

मला त्या प्रश्नाचा इतका राग आला! सगळं उघडं पडलंय, तरी ही आपलाच दोष शोधतेय. डॉक्टर बाई तिच्या शेजारी बसल्या. "चालल्याने नाही झालं. ते चालतच नव्हते. अहो, घरच्या माणसाजवळ हृदय निवांत असतं. चोरून, घाईत, घड्याळाकडे बघत, पकडले जाऊ म्हणून घाबरत आणि वर मला न विचारता गोळी घेऊन जे चालतं, ते दुखऱ्या हृदयाला झेपत नाही. अशा वेळी दगावलेल्या पुरुषांत परक्या घरी गेलेलेच जास्त सापडतात, असं आमच्याकडच्या अभ्यासांतही आलंय. आम्ही पेशंटला तेल-मीठ विचारतो, सिगारेट विचारतो. हे विचारलं की सगळे म्हणतात, छे, काहीतरीच काय डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्या बाई आल्या. दाराशीच उभ्या राहिल्या. "मला ते एकटे राहतात असं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि डबीत पेपरमिंट आहे असं."

"मला ते चालतात असं सांगितलं होतं," लेक म्हणाली.

मग दोघी गॅलरीतल्या बाकावर बसल्या. कुणी कुणाला माफ केलं नाही, कुणी आरडाओरडाही केला नाही. एकीने चहा आणला, दुसरीने घेतला. आत साहेब डोळे मिटून झोपल्याचं सोंग करत होते. त्यातही रेघ त्यांना दगा देत होतीच.

लेकीने शब्द पाळला. ती रागावली नाही. त्यांना घरी आणलं, महिनाभर पथ्याचं केलं, औषधं वेळच्या वेळी दिली. साहेबांना वाटलं, प्रकरण मिटलं. ज्या दिवशी डॉक्टर बाई म्हणाल्या, आता हे आपलं आपण सगळं करू शकतात, त्या दिवशी लेकीने आपले कपडे एका बॅगेत भरले आणि दुकानाच्या वरच्या, बाबांच्या खोलीत राहायला गेली. जाताना टेबलावर गोळ्यांची पाकिटं नीट मांडून ठेवली आणि मला पर्समध्ये टाकलं. माझ्या पोटातला तो कापूस तिने रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकला, दोन बोटांनी उचलून.

आता मी पुन्हा हिरव्या कापडावर आहे. स्क्रू परत आलेत. माझी तुम्हाला एकच विनंती आहे, मित्रांनो. हृदय जपा म्हणून सगळेच सांगतात, पण तुम्ही ते जपता कुणासाठी आणि खर्च कुठे करता, तेही बघा. आणि खोटं बोलायचीच खाज असेल तर निदान जिभेखालच्या गोळीला आणि आपल्या डॉक्टरला त्यातून वगळा. माझ्यासारख्या साध्या डबीला तुमची पापं लपवायला लावू नका. आम्ही जीव वाचवायला किंवा स्क्रू सांभाळायला जन्मतो, दोन्ही कामं स्वच्छ आहेत.

परवा साहेब दुकानात आले होते. संध्याकाळी, चालून. आता खरोखर चालतात. केस विस्कटलेले, घाम आलेला, पोट आत ओढलेलं नाही. काउंटरशी उभे राहून त्यांनी एक पाय वर केला, बुटाचा तळवा लेकीला दाखवला. नक्षी पुसली होती, टाच एका बाजूला झिजली होती.

"बघ," ते म्हणाले. "झिजले."

"झिजायलाच हवेत. चालायचेच बूट आहेत ते." लेकीने डोळ्याला लावलेली भिंगाची नळी काढलीसुद्धा नाही.

साहेब माझ्याकडे बोट करून म्हणाले, "गोळ्या खिशात नुसत्याच असतात गं. सांडतात. ती डबी मिळाली असती तर बरं झालं असतं. सवयीची होती."

"गोळ्या तुमच्या," लेक म्हणाली. "डबी माझ्या बाबांची."

तिने मला जवळ ओढलं आणि हात पुसून झाकण फिरवलं. साहेब अजून काउंटरवर ओणवून धापा टाकत होते.

"जरा लांब उभे राहा," ती म्हणाली. "श्वासाने स्क्रू उडतात."